अभियंता सनद का घेतो?

चांगली नोकरी असलेला अभियंता तिशीच्या आसपास कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घालतो, तेव्हा आसपासच्या लोकांकडे त्याचं कारण तयार असतं. अभियांत्रिकीत जमलं नाही, असं एक जण म्हणतो. दुसऱ्याच्या मते याला पैशाचा वास लागला आहे, कारण पेटंट, लवाद आणि रेरा यांत आता चांगली फी मिळते. तिसरा सुस्कारा सोडतो, की समाजसेवेचं वेड लागलं, दुसरं काय. त्यातल्या त्यात उदार माणूस चौथं कारण पुढे करतो: इंजिनिअरचं डोकं तर्काचं, कोर्टात ते चालणारच. ही चारही उत्तरं वरवरची आहेत. पहिल्या तिन्हींत थोडंफार तथ्य तरी सापडतं, चौथं मात्र सपशेल चुकीचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. अभियंत्याला त्याच्या व्यवसायाने एक अधिकार कधीच दिलेला नाही. तो म्हणजे प्रश्न विचारण्याचा, आणि तोही समोरच्याला उत्तर टाळता येणार नाही अशा जागी. अभियंता नोकरीभर उत्तरं देत असतो. विचारणारा वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा वरच्या खुर्चीत बसलेला असतो. कायद्याकडे वळणारा अभियंता या देवघेवीतली आपली बाजू बदलायला निघालेला असतो.

हा विचार नाशिकच्या पंचवटीतून मांडण्याला कारण आहे. अमृतधामला १९८४ पासून के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दिंडोरी रोडवर 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. राज्यातल्या धरणांची प्रतिमानं आणि मातीचे नमुने तिथे तपासले गेले. खाली रामकुंड, काळाराम मंदिर, तपोवन. गोदावरी नदी ओलांडली की सीबीएसजवळ जिल्हा न्यायालय. नदीच्या या काठावर अभियंते घडतात आणि त्यांच्या कामाचे वाद त्या काठावर चालतात. आता काही जण पूल ओलांडून पलीकडे का जातात, ते पाहू.

१. सोडण्याचं कारण आणि जाण्याचं कारण

आधी 'जमलं नाही' या उत्तराचा निकाल लावू. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत बारावीला बरे गुण मिळालेल्या मुलाने काय शिकायचं, हे बहुतेक घरांत मुलाला विचारून ठरलं नाही. त्यामुळे या व्यवसायात मनाविरुद्ध आलेले लोक पुष्कळ आहेत, हे मान्य. पण त्याने फक्त बाहेर पडणं समजतं. बाहेर पडलेला माणूस कुठे गेला, हे त्यातून कळत नाही. कंटाळलेल्या अभियंत्यापुढे बँकेच्या परीक्षा असतात, एमबीए असतं, एमपीएससी असते. या सगळ्या वाटा वकिलीपेक्षा लवकर पगार देतात.

एमपीएससीकडे जाणारा आणि कायद्याकडे जाणारा या दोघांना शेजारी उभं केलं की फरक दिसतो. पहिल्याला त्याच शिडीची वरची पायरी हवी असते. काल ज्याला उत्तर द्यावं लागत होतं, त्याच्या खुर्चीत त्याला बसायचं असतं. दुसरा शिडीच सोडतो. वकिलीची सनद घेतलेल्या माणसाच्या हाताखाली कोणी नसतं, त्याच्या डोक्यावर साहेब नसतो, आणि पहिली काही वर्षं खिशातही फारसं नसतं. एवढं सोडून तो जे घेतो, ते अपयशाच्या हिशेबात बसत नाही.

२. निष्कर्षाचा मालक कोण

वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आहे. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा, फार्मासिस्टांसाठीही १९४८ चा कायदा आहे. डॉक्टरांच्या जुन्या परिषदेची जागा २०१९ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. अभियंत्यांसाठी असा केंद्रीय कायदा आजही नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला १९३५ ची राजसनद आहे, नकाशे दाखल करण्यापुरते परवाने महापालिका देतात. पण जिच्यावाचून अभियंता म्हणून कामच करता येणार नाही अशी देशव्यापी वैधानिक नोंदणी नाही. मसुदे झाले आणि राहिले.

याचा परिणाम रोजच्या कामात दिसतो. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने गैर उपचार करायला सांगितलं, तर डॉक्टर 'माझी नोंदणी जाईल' असं म्हणू शकतो. ती नोंदणी त्याला बांधते तशी राखतेही. अभियंत्याने काय म्हणायचं? त्याच्यामागे फक्त नोकरी असते, आणि ती देणाराच समोर बसलेला असतो. सरकारी अभियंत्यावर १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका त्याला वर्ज्य आहे. खासगीतल्याला नियमांची गरजही पडत नाही, तिथे एक ईमेल पुरतो.

आता वकिलीचा नियम बघा. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करता येत नाही. नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते. एका व्यवसायात नोकर असणं हीच अपात्रता आहे. दुसरा जवळजवळ संपूर्ण नोकरांचाच बनलेला आहे. या स्थलांतराचा अर्धा उलगडा मला या एका फरकात होतो.

कार्यालयातली प्रश्नांची वाहतूक ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. कनिष्ठ अभियंता एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, मोजमाप लिहितो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता बिल काढतो. अंदाजपत्रक वर जातं, मंजुरी खाली येते, मग सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. उशीर का झाला, खर्च का वाढला, नमुना नापास का झाला, हे सगळे प्रश्न वरून खाली येतात. हा पूल इथेच का, हे धरण या नाल्यावर कशासाठी, हे खालून वर विचारण्याची सोय त्या रचनेत नाही. 'कारणे दाखवा' नोटीस एकाच दिशेने जाते. खालून कोणी टिपणी लिहिलीच, तर तिच्यावर 'पाहिले' असा शेरा पडतो आणि फाईल पुढे सरकते.

३. रेषा आखणारा आणि रेषेवर भांडणारे

पंचवटीतलंच उदाहरण घेऊ. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदावरी दोन्ही काठांच्या वस्तीत शिरली. त्यानंतर शहराच्या नकाशावर पूररेषा आल्या आणि तेव्हापासून त्या नाशिकच्या जमीन व्यवहारातला सर्वात कडू विषय होऊन बसल्या आहेत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा, काही किरकोळ अपवाद सोडता, बांधकामाला निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं, तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं.

ही रेषा आखणारा अभियंता असतो. आधीच्या पुरांच्या नोंदी, नदीचे काटछेद आणि विसर्गाची गणितं घेऊन तो ती काढतो. 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दांखाली काय आहे, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. शंभर वर्षांनी एकदा येऊन जाणारा पाहुणा, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन लाल रेषेवर घर बांधलेल्या कुटुंबाने कर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता मग २६ टक्क्यांच्या घरात जाते, साधारण चारात एक. हे सदनिका विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

एकदा ती रेषा नियमावलीत शिरली की तिच्यावरचे सगळे प्रश्न कायद्याचे होतात. नकाशा अधिसूचित कधी झाला? बांधकाम परवानगी त्याच्या आधीची की नंतरची? हरकती मागवल्या होत्या का? जमीनमालकाला ऐकून घेतलं का? रेषा चार मीटर सरकली तर फायदा कुणाचा? ही भांडणं चालतात त्या खोलीत रेषा आखणारा नसतो. बोलावलं तर येतो, विचारलं तेवढंच बोलतो आणि निघून जातो.

रामकुंड परिसराचंही तसंच. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत नदीपात्रातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. ती कामं कुणीतरी संकल्पित केली होती, कुणीतरी तपासली होती, कुणीतरी बिलं काढली होती. खालच्या जिवंत झऱ्यांचं काय, असं तेव्हा एखाद्या अभियंत्याच्या मनात आलंच नसेल, असं मला वाटत नाही. पण तो प्रश्न मोठ्याने विचारला तो पुढे पंचवटीतल्या नागरिकांनी, आणि तोही उच्च न्यायालयात. गोदावरीच्या प्रदूषणावरची २०१२ ची जनहित याचिकाही नागरिकांचीच. त्या याचिकेमुळे 'नीरी' या संशोधन संस्थेच्या शिफारशी यंत्रणेपुढे आल्या आणि त्यांचं काय केलं याचा जाब न्यायालयात द्यावा लागला. मलनिस्सारण केंद्रांत काय चुकतंय, हे ती चालवणाऱ्या अभियंत्यांना याचिकेच्या आधीही माहीत असणारच. त्यांचं जाणणं आणि यंत्रणेने हलणं यांच्या मध्ये एक याचिका यावी लागली.

याहून मोठा नमुना गोदावरीवरच्याच जायकवाडी धरणाचा. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात कलम १२(६)(ग) आहे. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतली टंचाई सारखी वाटून घ्यावी, असा त्याचा रोख. ती वाटायची कशी, हे मेंढेगिरी समितीने २०१३ च्या अहवालात तक्त्यांनी मांडलं. जायकवाडीचा साठा खरीप वापर धरून ६५ टक्क्यांच्या खाली राहिला, तर गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा, भंडारदरा या वरच्या धरणसमूहांनी किती पाणी सोडायचं, याचे ते तक्ते. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यावर आदेश काढला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या चौकटीला बळ दिलं. नाशिकच्या द्राक्षबागेचं पाणी आणि मराठवाड्याचं पिण्याचं पाणी त्या तक्त्यांवर ठरतं. तक्ते अभियंत्यांनी केले; ते पाळायचे की नाही हे वकिलांच्या युक्तिवादानंतर ठरलं. आपलं गणित जिथे निकालात निघतं तिथे आपण का नसावं, असं एखाद्या जलअभियंत्याला वाटलं, तर त्याला पैशाचा लोभ म्हणायचं की न्यायाचं वेड? मला दोन्ही शब्द तोकडे वाटतात.

४. मुख्य अभियंत्याचं पत्र

'सरकारी अभियंत्याने निदान लिहावं तरी' असं म्हणणाऱ्यांसाठी नाशिकचंच उदाहरण आहे. मेटा या इथल्या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता असलेल्या विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना सिंचन प्रकल्पांतल्या वाढीव खर्चाविषयी आणि कामांच्या दर्जाविषयी सविस्तर पत्र लिहिलं. राज्याच्या राजकारणात मोठी खळबळ उडाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. चितळे स्वतः अभियंते आणि १९९३ च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी.

आरोपांच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पाहायचा आहे तो पत्र लिहिणाऱ्याच्या हातातला अधिकार. सेवेतल्या फारच थोड्यांनी दाखवलं असेल असं धैर्य त्यांनी दाखवलं. तरी पत्र म्हणजे शेवटी विनंतीच. ज्याला लिहिलं, त्याने किती उत्तर द्यायचं ते तोच ठरवणार. श्वेतपत्रिका कोणते प्रश्न घेते, समितीच्या कार्यकक्षेत काय बसतं, हे पत्रलेखकाच्या हातात नव्हतं. मुख्य अभियंता हे या व्यवसायातलं जवळजवळ शेवटचं पद. तिथे पोचूनही माणसाला प्रश्न विचारण्याची वैधानिक जागा मिळत नसेल, तर खालच्यांनी कशाची वाट बघायची?

दुसरं उदाहरण औरंगाबादच्या वाल्मीतून, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून, निवृत्त झालेले सहयोगी प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांचं. तेही अभियंते. १९७६ चा सिंचन अधिनियम होऊन दशकं उलटली तरी त्याचे नियमच झालेले नाहीत आणि कालव्यांचा कारभार १९३४ च्या मुंबई कालवे नियमांवर चालला आहे, हे ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. एकात्मिक राज्य जल आराखडा नसताना प्रकल्पांना मान्यता कशी दिली, हा प्रश्न त्यांनी जनहित याचिकेने औरंगाबाद खंडपीठापुढे नेला, तेव्हा आराखडा होईपर्यंत नव्या मान्यतांना लगाम बसला आणि आराखड्याचं रखडलेलं काम हललं. लेखांनी झालं नाही ते एका प्रश्नाने झालं, कारण तो जिथे विचारला तिथे गप्प बसण्याची मुभा नव्हती.

५. 'का' कुठे विचारता येतं

इथे एक आक्षेप रास्त आहे. माहितीचा अधिकार आहे ना? २००५ च्या त्या कायद्याने एमबीच्या प्रती मिळतात, कामाची पाहणी करता येते, बांधकाम साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा घेता येतात. अभियंत्याच्या हातात याहून चांगलं हत्यार कोणतं?

हत्यार चांगलं आहे, पण त्याला एक जागी धार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटलं की 'माहिती'च्या व्याख्येत 'का' या प्रश्नाचं उत्तर बसत नाही. असलेला कागद मागा. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचा खुलासा मागू नका. कायद्याची भाषा पाहता निकाल बरोबर असेलही. अभियंत्यासाठी मात्र कागदाची किंमत त्यातल्या 'का'पुरतीच असते. भरावाची घनता कमी आल्याचा चाचणी अहवाल मिळाला. तरीही पुढचा थर का टाकला, हे कोण सांगणार?

ते विचारण्याची जागा म्हणजे उलटतपासणी. आणि त्याच्याही आधी कैफियत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ५ नुसार दाव्यातलं जे विधान प्रतिवादीने नेमकेपणाने नाकारलं नाही, ते सामान्यतः मान्य केलं असं धरलं जातं. कार्यालयातून आलेल्या माणसाला या नियमाचा पहिला धक्का बसतो. तिथे मौनाने फाईल बंद होते, इथे मौन कबुलीत जमा होतं. पुढे उलटतपासणीत कालचा शाखा अभियंता अधीक्षक अभियंत्याला विचारू शकतो, 'हा अहवाल आपण वाचला होता का? कोणत्या तारखेला? त्यानंतर कामाचा आदेश कोणी दिला?' हुद्दा तिथे कामाला येत नाही.

तज्ज्ञ साक्षीदार होऊन हे साधत नाही का? नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार, म्हणजे जुन्या कलम ४५ नुसार, तज्ज्ञाचं मत हा विचारात घेण्याजोगा पुरावा आहे. न्यायालयावर ते बंधनकारक नाही. तज्ज्ञ पिंजऱ्यात उभा राहतो आणि पुन्हा उत्तरंच देतो. प्रश्न कोणता, कोणत्या क्रमाने, कुठे थांबायचं, हे त्याने ठरवायचं नसतं. 'हो की नाही, एवढंच सांगा' असं ऐकून घेत मागचापुढचा संदर्भ न सांगता परतलेले अभियंते कमी नाहीत. त्यातल्या एखाद्याने पुढच्या वर्षी कायद्याच्या सीईटीचा अर्ज भरला, तर मला नवल वाटणार नाही.

६. तर्काच्या गैरसमजाबद्दल

आता चौथ्या, उदार उत्तराकडे. इंजिनिअरचं तर्काचं डोकं वकिलीत चालतं, असं म्हणणाऱ्याने दोन्हीकडचा तर्क जवळून पाहिलेला नसतो.

अभियंता अनिश्चितता आकड्यात ठेवतो. आयएस ४५६ मध्ये काँक्रीटसाठी १.५ आणि पोलादासाठी १.१५ हे सुरक्षा गुणक आहेत. साहित्यात किती फरक पडू शकतो, याची ती तजवीज. कायदा अनिश्चितता माणसाच्या अंगावर ठेवतो. सिद्ध करण्याचा भार कुणावर, हा त्याचा पहिला प्रश्न. ज्याच्यावर भार, त्याला सिद्ध करता आलं नाही तर तो हरतो. सत्य काहीही असो.

याचं जुनं उदाहरण महाडचं. काळाराम मंदिरात प्रवेशासाठी २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा महाडच्या चवदार तळ्याचा दावा आधीपासूनच न्यायालयात चालू होता. पंचवटीतले दरवाजे सत्याग्रहाने त्या वेळी उघडले नाहीत. महाडचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला दिला आणि तो आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना पाणी भरू न देणं न्याय्य आहे का, हा प्रश्न मात्र त्या निकालाने सोडवला नाही. त्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलं का, एवढंच पाहिलं. आणि ते सिद्ध झालं नव्हतं. मूळ प्रश्नाला हात न लावता जिंकणं अभियंत्याच्या पचनी पडायला वेळ लागतो.

अलीकडचं उदाहरण जालन्याचं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण त्यासाठी पुढे आलं. अभियंत्याच्या दृष्टीने प्रश्न दोन मिनिटांचा: चित्रफीत लावा, घड्याळ बघा. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला प्रश्न मात्र तो नव्हता. मूळ यंत्र समोर नसेल, तर चित्रफितीसोबत जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र हवंच का, आणि अधिकारी ते देतच नसतील तर काय, हा होता. १४ जुलै २०२० ला उत्तर आलं की प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण ते मिळवण्यासाठी हातातलं सगळं करून चुकलेल्या माणसाकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. नव्या अधिनियमातल्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य नोंदवायचं आहे. संगणक अभियंत्याला यातलं हॅश कळतं. कळायचं असतं ते प्रमाणपत्रावाचून खरी चित्रफीतही बाहेर का राहते, ते. कायदा म्हणजे आणखी एक आयएस कोड, असं समजून आलेला अभियंता पहिल्या दोन वर्षांतच वैतागतो. तर्कासाठी जो आला तो टिकत नाही. विचारण्यासाठी आलेला टिकू शकतो, कारण कोणता प्रश्न कुणाला आणि कोणत्या टप्प्यावर विचारायचा, हेच तर प्रक्रियेचं शास्त्र आहे.

७. पैशाचा आणि वाया जाण्याचा आक्षेप

पैशाचं उत्तर थोडक्यात. पेटंट एजंट व्हायला १९७० च्या पेटंट कायद्यानुसार विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि एक परीक्षा लागते. कायद्याची पदवी लागतच नाही. लवाद व्हायलाही लागत नाही. बांधकाम कंत्राटांच्या वादांत निवृत्त मुख्य अभियंते लवाद म्हणून बसतातच. म्हणजे कायद्याच्या आसपासचा जो पैसा अभियंत्याला खुणावतो, तो अभियंता राहूनही मिळतो. उलट सनद घेऊन जिल्हा न्यायालयात उभा राहणारा पहिली काही वर्षं सीनिअरच्या तारखा मागतो आणि धनादेश न वटल्याच्या १३८ च्या तक्रारी चालवतो. हिशेबी माणूस या वाटेला जाणार नाही.

'देशाने अभियंता घडवला, तो वाया गेला' हे दुसरं. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्याने न्यायिक सदस्यांच्या बरोबरीने तज्ज्ञ सदस्य बसवले आहेत आणि त्या जागेसाठी अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी चालते. आंतरराज्य नदी तंटा कायद्यातही लवादाला सल्ला देण्यासाठी असेसर नेमण्याची तरतूद १९५६ पासून आहे. दोन्ही विद्या एका टेबलाशी बसल्याशिवाय भागत नाही, हे कायदा करणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं. उलट दिशेचा प्रवासही आपल्याकडे झाला आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बॅरिस्टर आंबेडकरांकडे श्रम खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर खोरे योजनेची आखणी आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज संस्था त्याच काळातली. कायद्याचा माणूस धरणांकडे गेला म्हणून कायदा वाया गेला, असं कुणी म्हणत नाही.

खरा तोटा वेगळा आहे, आणि तो मी नाकारत नाही. विचारण्याची आच असलेला प्रत्येक अभियंता बाहेर पडला, तर आत उरतील ते न विचारणारे. यावर उपाय म्हणजे अभियंत्याला त्याच्याच व्यवसायात वैधानिक नोंदणी आणि तिच्यासोबत नकार देण्याचं संरक्षण. तो कायदा होईपर्यंत बाहेर जाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

८. आणि तो बिल्डरच्या बाजूने उभा राहिला तर?

हा सगळ्यात अवघड आक्षेप, कारण तो खरा ठरणार आहे. वकिलाने पक्षकार निवडताना त्याचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवत बसू नये, अशीच व्यवसायाची शिस्त सांगते. वर दिलेले २६ टक्के लाल रेषेवरच्या सोसायटीचा वकील एका तऱ्हेने वापरेल. विकासकाचा वकील तोच आकडा उलटा धरून म्हणेल, तीस वर्षांत असा पूर न येण्याची शक्यता ७४ टक्के. दोघेही अभियंते असतील आणि दोघांचं गणित बरोबर असेल.

माझं प्रतिपादन हेतूबद्दलचं आहे, सद्गुणांबद्दलचं नाही. विचारण्याची ओढ म्हणजे सज्जनपणा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते, पूल आणि मलवाहिन्यांची कामं काढली गेली. तपोवनातल्या झाडांवरून २०२५ च्या अखेरीस पेटलेला वाद न्यायपीठांपर्यंत गेला. या कामांच्या बिलांचे, दर्जाचे आणि मुदतवाढीचे तंटे मेळा संपल्यावरही बरीच वर्षं चालतील. त्यात ठेकेदारांच्या बाजूने उभे राहणारे अभियंता-वकील असतील आणि त्यांची फी जास्त असेल. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दोन बाजूंपैकी एकीकडेच एमबी वाचता येणारा माणूस असण्याला, आणि आज तो बहुतेक वेळा ठेकेदाराकडे असतो.